स्पार्क प्लगऐवजी लेझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लगऐवजी लेझर वापरायचा, ही कल्पना दर काही वर्षांनी बातम्यांत झळकते. 'स्पार्क प्लगचे दिवस भरले' अशा थाटाचा मथळा असतो, आणि मग पुन्हा सगळं शांत. त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो: हे खरं आहे की नुसत्या गप्पा? खरं आहे, पण बातमीत सांगतात त्या कारणासाठी नाही आणि त्या जागी नाही. पुढे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागली.

लेझर इग्निशन म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबलं जातं आणि मग ते पेटवावं लागतं. स्पार्क प्लग दोन धातूच्या टोकांमधल्या फटीत वीज उडवून हे काम करतो. लेझर इग्निशनमध्ये ही दोन टोकंच नसतात. प्लगच्या आट्यांत बसेल असं एक नळकांडं असतं, त्यात छोटा लेझर, त्याखाली भिंग आणि सगळ्यात खाली, ज्वलनकक्षाकडे तोंड करून, एक जाड पारदर्शक खिडकी. लेझरचा झोत भिंगातून एका बिंदूवर एकवटतो आणि त्या बिंदूपाशी अधांतरी ठिणगी पडते. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक सगळं तेच राहतं.

स्पार्क प्लग शंभर वर्षांहून जास्त काळ चालतोय. मग अडचण काय आहे?

रोजच्या गाडीत फारशी अडचण नाही, हे आधीच कबूल करायला हवं. लेन्वारने १८६० मध्ये आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च व्होल्टचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, आणि त्याला जोडून चालणारा प्लग बनवला, आणि तेव्हापासून ही वस्तू सुधारतच आली आहे. निकेलच्या जागी प्लॅटिनम आलं, प्लॅटिनमनंतर इरिडियम. आजचा चांगला प्लग साध्या गाडीत वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

खरी अडचण दाबाची आहे. वायूत वीज उडायला किती व्होल्ट लागतील, हे वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. फ्रीडरिश पाशेनने हा नियम १८८९ मध्ये मांडला. इंजिनात जितका दाब जास्त, तितके व्होल्ट जास्त. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट साधारण तीन-चार हजार व्होल्टला ओलांडता येते. टर्बो लावलेल्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात तीच फट ओलांडायला तीस-चाळीस हजारांपर्यंत जावं लागतं. आणि इंजिनाची कार्यक्षमता वाढवायची तर दाबच वाढवावा लागतो. म्हणजे आपण इंजिन जितकं चांगलं करतो, तितकं प्लगचं जिणं अवघड करतो.

व्होल्ट वाढले की दर ठिणगीगणिक धातू झिजतो. बराच चाललेला प्लग काढून त्याचं टोक भिंगाखाली धरलं, तर हे अगदी स्पष्ट दिसतं. नव्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडला धारदार कड असते, जुन्यात ती कड गोल झालेली असते. समोरच्या वाकवलेल्या टोकावर बरोबर समोरासमोर एक खळगा पडलेला असतो आणि फट मोजायच्या फिलर गेजची जी पट्टी नव्या प्लगच्या फटीत अडून बसायची, ती सैल फिरते. फट वाढली की आणखी व्होल्ट लागतात, आणखी धातू झिजतो. हे चक्र एकदा सुरू झालं की कधीतरी ठिणगी उडतच नाही किंवा फट सोडून चिनी मातीच्या अंगावरून पळते. इंजिन मिसफायर होतं.

यावर उपाय म्हणून मोठ्या गॅस इंजिनांत फट मुद्दाम लहान ठेवतात. पण लहान फटीत जन्मलेली ज्योत दोन्ही बाजूंनी थंड धातूला टेकलेली असते आणि तिची उष्णता धातू शोषून घेतो. मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, असेल तर ती ज्योत तिथेच विझते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

लेझरला हा दाब त्रास देत नाही का?

उलट मदत करतो, आणि या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. दाब वाढला की विजेच्या ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, पण लेझरच्या ठिणगीला कमी तीव्रता पुरते. कारण पुढच्या प्रश्नात येईल, पण ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर लेझर कुठे उपयोगाचा आणि कुठे नाही, हे स्वतःचं स्वतः ठरवता येतं. दाब जिथे सगळ्यात जास्त, तिथे प्लग सगळ्यात दमलेला असतो आणि लेझर सगळ्यात निवांत.

हवा तर पारदर्शक असते. प्रकाशाने तिच्यात ठिणगी पडते कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

या कामात बहुधा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर वापरतात. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागतात सुमारे १२. म्हणजे एकट्यादुकट्या फोटॉनच्या हातून काहीच होत नाही, तो रेणूजवळून तसाच निघून जातो. म्हणूनच हवा पारदर्शक. पण झोत इतका दाटला की एकाच रेणूवर एकाच क्षणी अकरा फोटॉन आदळतील, तर इलेक्ट्रॉन सुटू शकतो. हवेतल्या धुळीच्या कणापासूनही असे पहिले काही इलेक्ट्रॉन मिळतात.

एकदा ते मिळाले की पुढचं काम सोपं असतं. मोकळा इलेक्ट्रॉन लेझरच्या क्षेत्रात हेलकावे खातो, रेणूंवर आपटता आपटता ऊर्जा साठवतो, पुरेशी झाली की एखाद्या रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन उडवतो. दोनाचे चार, चाराचे आठ. काही अब्जांश सेकंदांत त्या बिंदूपाशी वायूचा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांनी भरलेला तापलेला वायू, झालेला असतो, तापमान दहा हजार अंशांच्या पुष्कळ वर. आता दाबाची गंमत कळेल: वायू जितका दाट, तितके रेणू जवळजवळ, तितक्या टकरी जास्त आणि हे दुपटीचं चक्र तितकं लवकर पेट घेतं.

उघड्या हवेतली ही ठिणगी मी पहिल्यांदा संरक्षक चष्म्यातून पाहिली तेव्हा आधी आवाजाने दचकलो. भिंगापुढे काहीही नाही, ना तार ना धातू, आणि रिकाम्या जागेत निळसर पांढरा ठिपका चमकतो, सोबत नखाने टिचकी मारावी तसा कोरडा 'टक्' आवाज. तो आवाज म्हणजे अचानक तापून फुगलेल्या वायूची आघातलहर.

इंजिनात या लहरीमागून ज्योत वाढते, आणि तिचा आकारही वेगळा असतो. आधी कडं तयार होतं, मग त्यातून एक जीभ लेझरच्या दिशेने, म्हणजे खिडकीकडे परत येते. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत ही जीभ स्पष्ट दिसते. ज्योतीचा पृष्ठभाग त्यामुळे लवकर वाढतो आणि तिला टेकायला जवळ थंड धातू नसतो.

म्हणजे लेझर इंधन तापवून पेटवतो?

नाही. नुसतं तापवून पेटवण्याचेही प्रयोग झाले आहेत, पण इंजिनांसाठी ज्याचा विचार होतो ती पद्धत वर सांगितलेली, प्लाझ्माची. तिला इंधन कोणतं आहे याची विशेष फिकीर नसते.

यासाठी केवढा मोठा लेझर लागतो?

बोटाच्या पेराएवढा. लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून आकडे मांडतो.

जपानच्या ओकाझाकी इथल्या इन्स्टिट्यूट फॉर मॉलिक्युलर सायन्समध्ये ताकुनोरी ताइरा यांच्या गटाने रोमानियाच्या निकोलाये पावेल यांच्यासोबत २०११ मध्ये एक सिरॅमिक लेझर दाखवला. त्याच्या तीन झोतांपैकी प्रत्येकात सुमारे २.४ मिलिज्यूल ऊर्जा होती. २.४ मिलिज्यूल म्हणजे किती थोडी? एक ग्रॅम वजन पाव मीटर उचलायला लागते तितकी. पण ही ऊर्जा एका नॅनोसेकंदाहून कमी वेळात बाहेर पडते, त्यामुळे त्या क्षणापुरती शक्ती २८ लाख वॅट होते. ही शक्ती समजा ३० मायक्रोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान ठिपक्यावर एकवटली, तर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ४०० अब्ज वॅटच्या घरात जाते. हवेत ठिणगी पडायला लागतात १०० अब्जांच्या आसपास. हिशोब बसला.

आता सरासरी पाहू. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असताना एका सिलिंडरला सेकंदाला ५० ठिणग्या लागतात. ५० गुणिले २.४ मिलिज्यूल म्हणजे ०.१२ वॅट प्रकाश. लेझरला पुरवायची वीज अर्थातच याच्या कित्येक पट असते, कारण विजेचा प्रकाश आणि त्या प्रकाशाचा लेझर करताना बराचसा भाग उष्णतेत जातो. तरी बॅटरीवर भार पडेल असं काही नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. लेझरला प्लगपेक्षा कमी ऊर्जा पुरते, असं सरसकट लिहिलं जातं. मिथेन-हवेचं योग्य प्रमाणातलं मिश्रण पेटायला पाठ्यपुस्तकात साधारण ०.३ मिलिज्यूल दिलेले असतात, आणि लेझरला प्रयोगांत बऱ्याचदा याहून जास्त लागतात, कारण पुष्कळ ऊर्जा आघातलहरीत वाया जाते. फायदा ऊर्जेच्या बचतीचा नाही. फायदा ती ऊर्जा कुठे आणि कोणत्या दाबाला देता येते, याचा आहे.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. थिओडोर मेमन यांचा पहिला लेझर १९६० चा. १९६२ मध्ये क्यू-स्विचिंग आलं, म्हणजे लेझरमध्ये ऊर्जा कोंडून ठेवून एका दणक्यात सोडायचं तंत्र, आणि १९६३ च्या सुमारास मेकर, टेरह्यून आणि सॅव्हेज यांनी लेझरने हवेत ठिणगी पाडल्याचं जाहीर केलं. हे तिघे फोर्ड या मोटार कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते. इंजिनात पहिला गाजलेला प्रयोग १९७८ चा, डेल, स्माय आणि क्लेमेंट्स यांचा. त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझरने एका सिलिंडरचं इंजिन चालवून दाखवलं. पातळ मिश्रण पेटतं, हे तेव्हाच दिसलं होतं. पण लेझर बाजूच्या टेबलावर होता, इंजिनावर नव्हता. पुढची तीसेक वर्षं त्या टेबलावरून प्लगच्या आट्यांत येण्यात गेली.

मग तो एवढा लहान झाला कसा?

हलणारे भाग आणि सुटे आरसे काढून टाकून. निओडिमियम मिसळलेल्या याग (यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) सिरॅमिकचा एक तुकडा घ्यायचा, त्याला क्रोमियम मिसळलेल्या यागचा दुसरा तुकडा भट्टीतच जोडून टाकायचा आणि आरसे दोन्ही टोकांच्या पृष्ठभागांवर लेपाच्या रूपात चढवायचे. जोडच राहत नाही, त्यामुळे इंजिनाच्या थरथरीने हलेल, सरकेल असं काही उरत नाही. क्रोमियमचा तुकडा दाराचं काम करतो: आधी प्रकाश अडवतो, आत पुरेसा साठला की एकदम पारदर्शक होतो आणि सगळा साठा एका स्पंदात बाहेर. हे दार उघडायला वेगळी वीज किंवा स्विच लागत नाही.

पण त्यामुळे एक पेच उभा राहतो. स्विच नाही, म्हणजे दार नेमकं कधी उघडेल हे तुमच्या हातात पूर्णपणे नाही. निओडिमियम साठवलेली ऊर्जा सुमारे २३० मायक्रोसेकंद धरून ठेवतं, म्हणून साधारण तेवढा वेळ आधी पंप करायला, म्हणजे डायोडच्या प्रकाशाने त्यात ऊर्जा भरायला, सुरुवात करावी लागते. ६००० फेऱ्यांवर क्रँक २८ मायक्रोसेकंदांत एक अंश फिरतो. म्हणजे ठिणगीच्या सुमारे आठ अंश आधीच आज्ञा द्यावी लागते. त्यातली थोडी मागेपुढे होणारी वेळ इंजिनाला चालते, पण टाइमिंगचं गणित नव्याने बसवावं लागतं.

गाडीचं मायलेज वाढेल का?

नुसता प्लग काढून लेझर लावला आणि बाकी काही बदललं नाही, तर जवळजवळ नाही. ठिणगी कशाने पडली, याने पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही.

वाढ होऊ शकते ती इंजिनच त्याला साजेसं बनवलं तर. दाब वाढवता येतो. ठिणगीची जागा निवडता येते: छताच्या भिंतीला चिकटून पाडायची गरज नाही, आत कक्षाच्या मध्याकडे पाडता येते, म्हणजे ज्योतीला चारी बाजूंना सारखं आणि कमी अंतर कापावं लागतं. एकाऐवजी दोन-तीन बिंदूंवर एकाच वेळी पेटवता येतं. मिश्रण लवकर जळलं की नॉकिंगलाही, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्यालाही, कमी वाव मिळतो. शिवाय प्रत्येक चक्र आधीच्यासारखंच होतं. लिव्हरपूल विद्यापीठात फोर्डच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर केलेल्या कामात लेझरवर इंजिन संथ चालीतही जास्त एकसारखं चालताना दिसलं, आणि संथ चाल ही ठिणगीची मोठी परीक्षा असते.

प्रदूषण कमी होतं म्हणतात, ते कसं?

पातळ मिश्रणामुळे. हवा जास्त आणि इंधन कमी असलं की ज्योतीचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फार कमी तयार होतात, कारण त्यांचं बनणं तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. अडचण अशी की मिश्रण पातळ केलं की ते पेटायला कुरकुरतं. लेझर ही हद्द थोडी पुढे नेतो.

मात्र पेट्रोल गाडीच्या बाबतीत यात एक मेख आहे आणि ती बातम्यांत येत नाही. गाडीचा धूर साफ करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिश्रण नेमक्या प्रमाणात असेल तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तिन्ही प्रदूषकं साफ करतो. मिश्रण पातळ केलंत तर धुरात ऑक्सिजन उरतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्याला साफ करता येत नाहीत. मग ती मुळातच इतकी कमी व्हायला हवीत की चालून जाईल, नाहीतर वेगळी यंत्रणा जोडावी लागते. वीज तयार करणारी मोठी गॅस इंजिनं आधीपासूनच पातळ मिश्रणावर चालतात. त्यांना हा पेच नाही.

खिडकी काळी नाही का होणार?

होणार. माझ्या मते हाच सगळ्यात कळीचा प्रश्न आहे आणि तो विचारणारा माणूस बहुधा इंजिन उघडून पाहिलेला असतो.

खिडकी सहसा नीलमणी स्फटिकाची करतात. तो कठीण असतो, दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून तुटण्या-वितळण्याची काळजी त्या मानाने कमी. काळजी थराची. काजळी, अर्धवट जळलेलं इंधन आणि रिंगांवरून वर आलेलं तेल, हे सगळं खिडकीवर बसतं. स्पार्क प्लगवरही बसतं, पण प्लगचं नाक ४५० अंशांच्या वर राहील असं बनवलेलं असतं, त्यामुळे काजळी आपोआप जळून जाते.

खिडकीला दुसरी सोय आहे: लेझर स्वतःच तिला साफ करतो. प्रत्येक स्पंद काचेतून जाताना थरावर आदळतो आणि थर उडवून लावतो. प्रयोगांत अशा खिडक्यांवर झोताच्या वाटेएवढी गोल स्वच्छ जागा आणि भोवती काळं कडं दिसतं. पण यासाठी खिडकीवर झोत पुरेसा दाट हवा, म्हणजे खिडकी केंद्रबिंदूच्या जवळ हवी. फार जवळ नेली तर झोत काचेलाच इजा करतो. फार लांब ठेवली तर थर उडत नाही. मधली जागा अरुंद आहे.

काजळी तशी लवकर उडते. चिवट असते ती तेलाची राख. इंजिन ऑइलमध्ये घातलेल्या कॅल्शियम, जस्ताच्या संयुगांपासून ती होते, जळून जात नाही आणि काचेवर खनिजासारखी बसते. काही तासांच्या प्रयोगात ती दिसतही नाही. हजारो तासांत दिसते. म्हणून कोणी शंभर तास चालवून 'खिडकीचा प्रश्न सुटला' म्हणत असेल, तर मी थांबून विचार करतो.

एकच मोठा लेझर ठेवून फायबरने सगळ्या सिलिंडरांना प्रकाश पोहोचवता येणार नाही का?

सगळ्यांना आधी हेच सुचतं. फायबरला काचेइतकीच सहनशक्ती, आणि मेगावॅटचं स्पंद केसाएवढ्या काचेतून न्यायचं म्हणजे फायबरच्या तोंडाशीच ठिणगी पडायची भीती. जाड फायबर घेतलं तर झोताची गुणवत्ता बिघडते आणि मग तो लहान ठिपक्यावर एकवटत नाही. पोकळ गाभ्याच्या फायबरवर चांगलं काम झालं आहे. तरी जास्त व्यवहार्य वाट ठरली ती उलटी: फायबरने फक्त पंपाचा सौम्य प्रकाश न्यायचा आणि स्पंद प्लगच्या आत, सिलिंडरच्या तोंडाशी तयार करायचं.

महाग काय आहे?

पंप करणारे लेझर डायोड. सिरॅमिकचा तुकडा लहान आहे, नीलमण्याची खिडकी घड्याळांतही असते. डायोड मात्र अजून महाग आणि लाडावलेले आहेत. याग ८०८ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश शोषतं, आणि साध्या डायोडची तरंगलांबी दर अंश तापमानाला सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. इंजिनाजवळचं तापमान वीस अंशांनी बदललं की सहा नॅनोमीटरचा फरक, आणि प्रकाश पट्ट्याबाहेर. म्हणजे डायोड थंड ठेवा किंवा लांब ठेवा. पृष्ठभागातून प्रकाश सोडणारे व्हिक्सेल जातीचे डायोड साधारण पाव वेगाने सरकतात, म्हणून त्यांच्याकडे आशेने पाहिलं जातं.

डिझेल इंजिनात चालेल?

गरजच नाही. डिझेल दाबाच्या उष्णतेने आपोआप पेटतं. त्यात दिसतो तो ग्लो प्लग, तो फक्त थंड इंजिनाला मदत करतो.

हायड्रोजन इंजिनासाठी याचा विशेष उपयोग आहे असं ऐकलं. का?

हायड्रोजन पेटायला फक्त ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे पेटवणं ही अडचणच नाही. अडचण तो नको तेव्हा पेटतो ही आहे. तापलेलं इलेक्ट्रोडचं टोक किंवा कॉइलमध्ये उरलेला विजेचा अंश एवढंही त्याला पुरतं, आणि मग व्हॉल्व्ह उघडा असतानाच मिश्रण पेटून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत येते त्या नळीत, बॅकफायर होतो. लेझर प्लगमध्ये कक्षात डोकावणारं तापलेलं टोक नाही आणि उरलेला विद्युतभार नाही. शिवाय हायड्रोजन फार पातळ मिश्रणातही जळतो आणि त्यात कार्बन नसल्याने इंधनाची काजळी होत नाही. खिडकीला एवढा चांगला शेजारी दुसरा नाही, तेलाची राख तेवढी उरते. आयआयटी कानपूरच्या इंजिन प्रयोगशाळेत नैसर्गिक वायू, हायड्रोजन आणि दोन्हींच्या मिश्रणावर लेझर इग्निशनचं बरंच काम झालं आहे.

डोळ्यांना धोका?

बंद इंजिनात नाही, सगळं लोखंडाच्या आत असतं. उघडं करून तपासताना मात्र खरोखर आहे. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, डोळा मिटायची प्रतिक्रिया होत नाही, आणि बुबुळाचं भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटतं. प्लग बाहेर काढला की लेझर आपोआप बंद पडायला हवा, अशी रचना कोणत्याही विकाऊ वस्तूत अनिवार्य धरावी.

दुकानात 'लेझर इरिडियम' नावाचे प्लग मिळतात, ते हेच का?

नाही. ते नेहमीचे विजेवर चालणारे स्पार्क प्लग आहेत. इरिडियमचं बारीक टोक इलेक्ट्रोडला लेझरने वेल्ड केलेलं असतं, म्हणून ते नाव. प्लग म्हणून उत्तम असतात, पण त्यातून प्रकाश निघत नाही.

शर्यतीच्या गाड्यांत तरी वापरतात का?

फॉर्म्युला वनमध्ये इंजिनांच्या नियमांत प्लाझ्मा, लेझर किंवा उच्च वारंवारितेच्या इग्निशनला स्पष्ट बंदी घातली गेली. प्रत्येक सिलिंडरला एकच कॉइल आणि एकच प्लग. ज्या तंत्राला आधीच बंदी घालावी लागते, त्यात काहीतरी दम असतो असं मी समजतो.

आणि रॉकेटमध्ये?

तिथे ओढ वेगळ्या कारणाने आहे. अवकाशात इंजिन बंद करून पुन्हा पेटवायचं असतं, आणि दर वेळी नवी स्फोटक दारू किंवा आपोआप पेटणारं विषारी रसायन न्यायचं म्हणजे वजन आणि जोखीम दोन्ही. जर्मनीच्या लाम्पोल्ट्सहाउझेन इथल्या अवकाश संस्थेच्या चाचणी केंद्रात द्रव ऑक्सिजन आणि हायड्रोजनवर चालणारा ज्वलनकक्ष लहान लेझरने पेटवून दाखवलेला आहे. तिथे ठिणग्या मोजक्याच लागतात, त्यामुळे खिडकी हजारो तास स्वच्छ ठेवायची चिंता नाही.

मग अजून एकही गाडी का विकत मिळत नाही?

गाड्या चालल्या आहेत. ताइरांच्या गटाने फक्त लेझर इग्निशनवर पेट्रोल गाडी चालवली, पावेल यांच्या गटाने रेनॉच्या इंजिनावर लेझर प्लग बसवून तपासले. पण कारखान्यातून अशी गाडी बाहेर पडलेली नाही. कारण प्लग स्वस्त आहे आणि साध्या गाडीत पुरेसा आहे. त्याशिवाय पातळ किंवा अवघड मिश्रण पेटवायला प्री-चेंबर नावाचा सोपा उपाय आला: प्लगभोवती छोटी टोपी, तिला भोकं, आत पेटलेल्या मिश्रणाच्या ज्वाळा भोकांतून पिचकारीसारख्या बाहेर. मासेरातीने २०२० मध्ये आपल्या नेत्तुनो इंजिनात तो रस्त्यावरच्या गाडीत आणला. आणि मोठ्या कंपन्यांचं संशोधनाचं बळ विजेच्या गाड्यांकडे वळलं, हेही खरं.

म्हणून मला वाटतं लेझरची पहिली खरी जागा गाडी नाही, वीज तयार करणारी मोठी गॅस इंजिनं आहेत. दाब प्रचंड, मिश्रण पातळ, इंजिन रात्रंदिवस एकाच वेगावर. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे सिलिंडरला सेकंदाला जेमतेम साडेबारा ठिणग्या, डायोडला दम घ्यायला भरपूर वेळ. त्यांचे प्लग काही हजार तासांत बदलावे लागतात आणि वर्षाचे तास असतात ८७६०, म्हणजे बदलण्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा थांबवणं आलं. इंजिनाच्या किमतीपुढे महाग लेझरही खपून जातो. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने येनबाखर या गॅस इंजिन बनवणाऱ्या कंपनीसोबत आणि अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेने याच दिशेने काम केलं, ते उगीच नाही.

यापुढे अशी बातमी आली तर तिच्यात काय शोधावं?

आधी तास शोधा. खिडकी काढून पुसल्याशिवाय इंजिन किती तास चाललं? मग सिलिंडर: एका सिलिंडरला लेझर आणि बाकीच्यांना प्लग होते की सगळ्यांना लेझर? भार पूर्ण होता की अर्धा? तेल नेहमीचं होतं की कमी राखेचं? आणि डायोड इंजिनावर बसवलेले होते की शेजारच्या थंड कपाटात? या पाचांची उत्तरं बातमीत सापडली, तर ती नीट बसून वाचा.